जुन्या गाडीचे शॉकअप

बैलगाडीला स्प्रिंग नसते. चाक खड्ड्यात गेले, की दणका थेट माणसाच्या कमरेत बसतो. हे तुम्हांला आम्ही सांगायला नको. मोटारीचे तसे नाही. चाक आणि वरचा सांगाडा यांच्यामध्ये स्प्रिंग असते. दणका ती खाते.

पण स्प्रिंगला एक खोड आहे. एकदा दाबली, की ती नाचत राहते. वर, खाली, पुन्हा वर. नाचता नाचता चाक रस्ता सोडते. चाक रस्त्याला टेकलेच नाही, तर ब्रेक दाबून काय उपयोग?

हा नाच थांबवायला स्प्रिंगच्या पोटात एक नळकांडे असते. त्यात तेल असते. तेलात दट्ट्या असतो, आणि दट्ट्याला बारीक भोके असतात. चाक हलले, की दट्ट्याला तेलातून सरकावे लागते. तेल बारीक भोकांतून सावकाशच जाते. सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने दाबून पंप मारून पाहा. दांडा कसा जड जातो! तसेच हे. स्प्रिंगचा जोर तेलात जिरतो. तेल थोडे गरम होते, एवढेच.

स्प्रिंग, नळकांडे आणि चाकाला धरणारा खांब हे सारे एकत्र केले, की त्याला स्ट्रट म्हणतात. गॅरेजात मात्र सगळे शॉकअपच म्हणतात. ही रचना मॅकफर्सन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने काढली. आपल्याकडे डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. तिच्या पुढच्या चाकांना हीच रचना होती. २०१४ साली ती गाडी बनवणे बंद झाले. पण आमची १९९७ सालची अजून चालते.

ती गावच्या कामाला येते. एका रात्री शेजारची सून अडली. तिला घेऊन आम्ही तालुक्याला निघालो. उतारावर एक वासरू आडवे आले. ब्रेक दाबला. गाडी थांबेना. नाक खाली घालून ती उड्या मारू लागली आणि आडवी सरकली. वासरू वाचले, आम्हीही वाचलो. पोरीने भीतीने डोळे मिटून घेतले होते. ते आम्ही विसरलो नाही.

खरे तर गाडी वर्षभर सांगत होती. आम्हीच ऐकले नाही. टायर एकसारखा न झिजता मध्येमध्ये चट्टे पडले होते. नळकांडे तेलाने ओले झाले होते आणि त्यावर धूळ बसून काळा चिखल झाला होता. आतले रबरी सील फाटले, की तेल असे बाहेर येते. तुम्ही घरीच पाहू शकता. चाकावरच्या बाजूने गाडी दोन्ही हातांनी जोरात खाली दाबा आणि सोडा. वर येऊन थांबली, तर ठीक. दोनतीन वेळा डुलली, तर शॉकअप संपला. नुसता खडखडाट येत असेल, तर दोष शॉकअपचाच असेल असे नाही. वरचे माउंटिंग किंवा खालचे बुश झिजले तरी तसा आवाज येतो.

दुसऱ्या दिवशी रस्त्यावरच्या एका गॅरेजात गेलो. तिथे एकाच बाजूचा शॉकअप बदलून दिला. पैसे वाचले म्हणून आम्ही खूश! पण ब्रेक दाबला, की दोन्ही बाजू सारख्या वागेनात. मग एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेलो. तो हसला. म्हणाला, "गुरुजी, एक बैल तरणा आणि एक थकलेला जुंपला, तर गाडी सरळ चालंल का? जोडी बदला."

त्याच्या उजव्या हाताचा अंगठा अर्धाच होता. तरुणपणी त्याने स्प्रिंग तारेने बांधून शॉकअप खोलला होता. तार तुटली.

ही गोष्ट नीट ध्यानात घ्या. शॉकअप गाडीतून बाहेर काढला, तरी स्प्रिंग दाबलेलीच असते. तिला फक्त वरचा मधला नट धरून असतो. तो नट तसाच सोडला, तर स्प्रिंग गोळीसारखी सुटते. तिला दाबून धरायचे खास हत्यार मिळते. ते ज्याच्याकडे नाही, त्याच्याकडे गाडी देऊ नका. घरी तर हा नट मुळीच सोडू नका.

मिस्त्रीने गाडी जॅकने उचलली, पण जॅकवर भिस्त ठेवली नाही. खाली लोखंडी घोडे लावले. चाक काढले. ब्रेकची रबरी नळी शॉकअपपासून मोकळी केली. खालच्या बोल्टांच्या जागी आधी खडूने खुणा केल्या. मग बोल्ट काढले, बॉनेटखालचे नट काढले आणि शॉकअप बाहेर घेतला. हत्याराने स्प्रिंग दाबली, जुने नळकांडे काढले, नवे घातले. वरचे रबर चिरले होते, म्हणून तेही नवे. नटही नवेच. चारदोन रुपयांच्या नटासाठी आम्ही घासाघीस करीत होतो, त्याने दाद दिली नाही. स्प्रिंग तुटलेली किंवा बसलेली नव्हती, म्हणून तीच ठेवली. शेवटी चाकांचे अलाइनमेंट करून घ्यायला सांगितले. ते चुकवले असते, तर नवा टायर एका कडेने झिजला असता.

आधीच्या गॅरेजातला शॉकअप हलक्या मालाचा निघाला, म्हणून तोही बदलावा लागला. तिथले पैसे बुडाले.

जुना शॉकअप आम्ही घरी आणला. दांडा एका हाताने दाबला, तर सहज आत गेला. नव्याला गॅरेजात दोन्ही हात लावूनही तो सावकाशच गेला होता.