रात्रीची पंधरा मिनिटे



नाताळापूर्वी आपण पापनिवेदनाला जातो, प्रायश्चित्तकाळात पुन्हा जातो. प्रामाणिकपणे आठवून पाहिले तर दोन्ही वेळची यादी जवळजवळ सारखीच असते: राग आला, खोटे बोललो, प्रार्थना चुकली. आम्हा धर्मगुरूंची यादीही फार निराळी नसते. देव क्षमा करतो, यात शंका नाही. मग आपण बदलत का नाही? एक कारण असे की, जे आपण वर्षातून दोनदा पाहतो ते रोज पाहत नाही.

1521 साली पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडल्यामुळे इग्नेशियस लोयोला अंथरुणाला खिळले. पडल्यापडल्या ते स्वतःच्या मनाकडे पाहायला शिकले. पुढे त्यांनी लिहिलेल्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथाला पोप तिसरे पौल यांनी 1548 साली मान्यता दिली. त्यात आत्मपरीक्षणाच्या पाच पायऱ्या आहेत:

1. मिळालेल्या कृपादानांबद्दल देवाचे आभार मानणे.
2. आपली पापे ओळखण्याची व ती टाकून देण्याची कृपा मागणे.
3. उठल्यापासूनचा दिवस क्रमाने आठवणे: विचार, शब्द, कृती.
4. क्षमा मागणे.
5. देवाच्या कृपेने सुधारण्याचा निश्चय करणे आणि प्रभूची प्रार्थना म्हणणे.

उपकारस्मरण पहिले आहे, हे विसरू नये. मान्रेसा येथे जुन्या पापांच्या आठवणींनी इग्नेशियस इतके छळले गेले होते की त्यांना जगणे नकोसे झाले. देवाच्या दयेकडे पाठ करून स्वतःकडे पाहिले तर माणूस सुधारत नाही, खचतो. उधळ्या पुत्राला भान आले तेव्हा त्याला आपले पाप आठवले, पण त्याबरोबर बापाचे घरही आठवले (लूक 15:17).

संत इग्नेशियस आणखी एक अभ्यास सांगतात. सगळे दोष एकदम न धरता एकच धरावा. समजा, म्हातारी आई तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारते आणि आपण तिच्यावर खेकसतो. सकाळी उठताच ठरवावे, आज हे टाळायचे. चूक घडली की छातीवर हात ठेवावा. बाजूच्या माणसाला कळणारही नाही. वहीत रोज दोन रेषा आखाव्यात, एक दुपारपर्यंतची, दुसरी रात्रीपर्यंतची. जितक्या वेळा चुकलो तितके ठिपके द्यावेत. मग कालची रेषा आजच्या रेषेशी ताडून पाहावी.

हे पोरखेळासारखे वाटेल. पण ॲरिस्टॉटलने फार पूर्वी सांगितले आहे की, सद्गुण हा पुन्हा पुन्हा केलेल्या कृतीतून अंगी बाणतो. दोषही तसाच मुरलेला असतो; तो एका रात्रीत निघत नाही.

खरी कसोटी लागते ती चौथ्या-पाचव्या दिवशी. लोकलच्या गर्दीतून थकून घरी आलेलो असतो, मन कोरडे असते, आणि वाटते, आज राहू दे. अशा कोरड्या वेळी संत इग्नेशियस सांगतात की, प्रार्थनेचा ठरवलेला वेळ कमी करू नये, उलट थोडा वाढवावा. म्हणजे पंधरा मिनिटांची सोळा करावीत. ज्या दिवशी काहीच गोड वाटत नाही, त्या दिवशी आपण प्रार्थनेतल्या आनंदासाठी नव्हे, तर देवासाठी बसलेले असतो.

चला तर, आज रात्रीपासून पुढच्या रविवारपर्यंत सात दिवस, चौदा रेषा. ठिपके कमी झाले नाहीत तरी वही टाकून देऊ नका. आमच्या वहीतही ठिपके आहेत. पण ज्याला आपला ठिपका दिसू लागला, त्याचे पुढचे पापनिवेदन जुनी यादी राहणार नाही. आणि कदाचित त्याच्या आधीच एखाद्या घरात आईला तिसऱ्यांदाही शांतपणे उत्तर मिळेल.

प्रार्थना: हे प्रभू येशू, आमचा दिवस तुझ्या उजेडात पाहायला आम्हांला शिकव. आम्ही कंटाळू तेव्हा आमच्याजवळ थांब. आमेन.