आधी त्यांना घरी सांगू दे

नंदुरबार

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईचा फोन आल्यापासून जिवाला स्वस्थता नाही. ऑफिसातल्या त्या गृहस्थांशी तुझं जमलंय, त्यांना बायको आहे, आणि आईने विचारलं तर म्हणे ‘प्रेमात चूक-बरोबर नसतं’ एवढंच बोललीस. माझा प्रश्न एकच, त्यांच्या बायकोला हे ठाऊक आहे का? ‘आई कुठे काय करते’ ही मालिका आपण सगळ्यांनी पाहिली. अनिरुद्धचं मन संजनावर बसलं, हा मी त्याचा दोष मानत नाही. पण घरी बायकोने, अरुंधतीने वाढलेलं ताट आणि बाहेर संजनाची सोबत, दोन्ही त्याला हवं होतं, आणि ते लपवल्याशिवाय जमणारं नव्हतं. स्वार्थ तो तिथे. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ मालिकेतल्या गुरुनाथने तर बायकोला, राधिकेला फसवलंच, पण शनायालाही झुलवतच ठेवलं. बायकोशी जो रोज खोटं बोलू शकतो, तो तुझ्याशीच खरं बोलत असेल कशावरून?

तू म्हणशील, आता हा गुन्हाही राहिलेला नाही. खरंय, 2018 साली सुप्रीम कोर्टाने व्यभिचाराचं कलम 497 रद्द केलं. पण घटस्फोटाला व्यभिचार हे कारण आजही चालतं. शिक्षा गेली, दुखावणं गेलं नाही. मावशी जुन्या वळणाची, असंही म्हणशील. मग आपल्या धडगाव-अक्कलकुव्याकडे बघ. भिल्ल-पावरा समाजात बाई नवरा सोडून दुसऱ्याकडे गेली तर पंच बसतात, नवा नवरा आधीच्याला देज, म्हणजे वधूमूल्य, भरून देतो. बाईचा हिशेब रुपयांत व्हावा हे मला पटत नाही, पण तिथे नातं मोडतं ते चारचौघांत. संसार मोडूच नये असं माझं म्हणणंच नाही. मोडायचा तर उघड मोडावा, आणि त्यांनी घरी सांगेपर्यंत तू त्यात पाऊल टाकू नयेस.

फार बोलले. आमच्या तरुणपणी मोठी माणसं दटावायची, मनात काय चाललंय ते कुणी विचारायचं नाही. ती रुखरुख अजून आहे. म्हणून तुला विचारते, एकटी पडली आहेस का गं तिथे? तसं असेल तर चार दिवस इकडे ये. निर्णय तुझाच राहील, आणि तो काहीही असला तरी तू आमचीच आहेस. आईवर रागावू नकोस, तीही घाबरली आहे. जेवत जा वेळेवर.

तुझी,
मावशी