रायफलीचा नेम सैल पडला? आधी पाना, मग छर्रे, शेवटी पाकीट

मुलगी काही महिन्यांपासून एअर रायफलचा सराव करते आहे. ओपन साइटच्या साध्या रायफलीनं दहा मीटरवर मारलेले पाच छर्रे नाण्याएवढ्या जागेत पडायचे, ते आता कार्डभर पसरू लागलेत. गंगाखेडसारख्या तालुक्याच्या गावी अशा वेळी सहसा दोनच सल्ले मिळतात: ‘पोरीचं लक्ष नाही’ किंवा ‘ही काढा, नवी घ्या’. पहिल्या सल्ल्यानं पोर खचते, दुसऱ्यानं घर. खरं तर त्याआधी तपासण्यासारखं बरंच असतं आणि त्यातलं बहुतेक घरीच, थोडक्या पैशांत होतं. म्हणून क्रम असा ठेवा: स्वस्त तपासणी आधी, मोठा खर्च सर्वांत शेवटी. खालच्या किमती ढोबळ आहेत. दुकान, कंपनी आणि कुरिअरप्रमाणे त्या खालीवर होतील.

१. दोष हाताचा की रायफलीचा? (खर्च: काही नाही)

वाळूच्या छोट्या पिशवीवर हात आणि हातावर रायफल टेकवून प्रशिक्षकांना किंवा एखाद्या मुरलेल्या नेमबाजाला पाच छर्रे मारू द्या. स्प्रिंगची रायफल कडक लाकडावर थेट टेकवू नका. ती उसळते आणि नेम सरकतो. त्यांचे छर्रे जवळजवळ पडले तर रायफल ठीक आहे, मुलीला पवित्रा आणि श्वासावर काम करू द्या. त्यांचेही विखुरले, तरच पुढे चला.

२. स्क्रू आवळा (खर्च: १०० ते ३०० रुपये)

स्प्रिंगच्या रायफलीला प्रत्येक बारानं हादरा बसतो आणि दस्त्याचे स्क्रू हळूहळू ढिले पडतात. साइटचे स्क्रूही तसेच. अॅलन-कीचा एक संच आणि चांगला पेचकस घ्या, दर आठवड्याला हात फिरवा. बेतानं आवळा, लाकडी दस्ता जोर केल्यास तडकतो. पसरलेला नेम पुष्कळदा इथेच जागेवर येतो.

३. नळी आणि जोड (खर्च: ३०० ते ८०० रुपये)

नळीत शिसं साचतं. त्यासाठी नमद्याच्या गोळ्या मिळतात. त्या छर्ऱ्यासारख्या मारून नळी साफ होते. लोखंडी सळई किंवा तारेचा ब्रश नळीत कधीही घालू नका.

मोडून भरायच्या रायफलीत नळीच्या जोडापाशी एक छोटं सील असतं. रायफल भरून, टार्गेटकडे रोखून, जोडावर पातळ कागदाची पट्टी ठेवून बार करा. पट्टी उडाली तर हवा तिथून निसटते आहे. सील बदलणं स्वस्तातलं काम आहे. मशीनचं किंवा खाद्यतेल मात्र आत सोडू नका. दाबानं तापलेल्या हवेत ते पेटतं आणि वॉशर जळतो.

४. छर्रा सैल बसतो का? (खर्च: डबा ५०० ते १,५०० रुपये)

सर्वांत दुर्लक्षित जागा हीच. बोटानं हलकं दाबल्यावर छर्रा नळीत नीट बसला पाहिजे. तो आपोआप घरंगळत आत जात असेल तर त्याच्या कडेनं हवा निसटते, प्रत्येक छर्ऱ्याचा वेग वेगळा पडतो आणि कार्डावर पसारा होतो. ४.५ मिलिमीटरच्या छर्ऱ्यांतही डोक्याचं माप ४.४९, ४.५०, ४.५१ असं शतांशानं बदलतं आणि चांगल्या कंपन्या ते डब्यावर छापतात.

सरळ उपाय असा: तीन मापांचे छर्रे मिळवा. मोठ्या क्लबात मुलं डबे वाटून घेतात, तसे चार पालकांनी मिळून मागवले तर खर्च वाटला जातो. प्रत्येक मापाचे पाच-पाच छर्रे टेकवून मारा आणि ज्याचा ग्रुप, म्हणजे कार्डावरचा छर्ऱ्यांचा पसारा, लहान, तेच माप घ्या. पुढचे डबे शक्यतो एकाच लॉटचे मागवा. कुरिअरमध्ये चेपलेले, कडा वाकलेले छर्रे बाजूला काढा. छर्रे शिशाचे असतात, म्हणून ते तोंडात धरू नयेत आणि सरावानंतर साबणानं हात धुवावेत.

५. वॉशर आणि स्प्रिंग (खर्च: १,००० ते ३,००० रुपये)

बाराचा आवाज बदलला, छर्रे खाली पडू लागले, तर पिस्टनचा वॉशर किंवा स्प्रिंग थकलेली असते. स्प्रिंग दाबाखाली असते. घरी उघडाल तर डोळा गमावाल. काम कंपनीच्या सेवाकेंद्राकडे किंवा जाणत्या कारागिराकडेच द्या आणि बदललेले जुने भाग परत मागा. छर्रा न भरता बार करायची सवय असेल तर ती आजच मोडा. स्प्रिंगच्या रायफलीचं आयुष्य तिनं घटतं.

६. हवेच्या टाकीची रायफल

स्पर्धेच्या महागड्या रायफलीत २०० बारपर्यंत दाबाची टाकी असते. दाब उतरला की नेमही उतरतो, म्हणून आधी काटा पाहा. टाकी हातपंपानं किंवा कोरड्या हवेच्या सिलिंडरवरूनच भरा. वेल्डिंगच्या दुकानातला किंवा दवाखान्यातला ऑक्सिजन कधीही भरू नका, स्फोट होतो.

जुनी रायफल घेत असाल तर टाकीवर कोरलेली तारीख वाचा. बहुतेक कंपन्या टाकीची मुदत दहा वर्षं देतात आणि मुदतीतली टाकी वापरणं ही आंतरराष्ट्रीय नियमांत खेळाडूची स्वतःची जबाबदारी आहे. मुदत संपलेल्या टाकीची रायफल स्वस्त वाटते, पण नव्या टाकीचा खर्च धरून भाव करा.

काडतुसं घरी भरण्याचे व्हिडिओ

परदेशी व्हिडिओंत रायफलीची रिकामी पितळी काडतुसं पुन्हा भरताना दिसतात. वारंवार वापरलेलं पितळ कडक होतं, काडतुसाची मान गोळी घट्ट धरत नाही आणि नेम बिघडतो, याची चर्चा तिथे रंगते. आपल्या मुलांना त्याचा उपयोग नाही. ५० मीटरला लागणाऱ्या .२२ काडतुसाचा बार पेटवणारा मसाला त्याच्या बुडाच्या कडेतच असतो. एकदा उडालं की ते पितळ संपलं. शिवाय परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणं हा शस्त्र अधिनियम १९५९ खाली गुन्हा आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत जाते. त्या वाटेला जाऊ नका, मुलांनाही जाऊ देऊ नका.

एअर रायफलला, ४.५ मिलिमीटरपर्यंतची नळी आणि २० जूलपर्यंतची ताकद असेल तर, शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवाना लागत नाही. तरी ओळखपत्र देऊन पक्कं बिल घ्या आणि जपून ठेवा. पाखरं आणि रानातली जनावरं हे लक्ष्य नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ लागू होतो.

नवी कधी घ्यावी?

वरच्या सगळ्या पायऱ्या झाल्या, प्रशिक्षकांचाही ग्रुप सुधारला नाही किंवा मुलीचे गुण रायफलीच्या कुवतीपुढे गेले, तरच.

- देशी ओपन साइट रायफल: १० ते २० हजार रुपये
- परदेशी स्पर्धा-रायफल, पीप साइटसह: २ ते ३.५ लाख रुपये
- जॅकेट आणि पँट: २५ ते ६० हजार रुपये
- हातमोजा: २ ते ४ हजार रुपये

वाढत्या वयाच्या मुलीला अंगाबरोबर शिवलेलं जॅकेट लगेच घेऊ नका. ते आखूड होतं.

वर्षाचा हिशेब

आठवड्याला चार दिवस, रोज ६० छर्रे धरले तर महिन्याला सुमारे हजार, म्हणजे ५०० चे दोन डबे. सरावाचा डबा ७०० ते १,००० रुपयांना धरला तर वर्षाला १७ ते २४ हजार रुपये केवळ छर्ऱ्यांचे होतात. रायफलीपेक्षा हाच आकडा आधी घरात मांडा. त्यात पुण्याच्या बालेवाडीला स्पर्धेसाठी जाण्या-राहण्याचा खर्च मिळवा. गंगाखेडहून परळी-लातूरमार्गे पुण्याला रेल्वे आहे, आरक्षण मात्र लवकर करा.

सर्वांत स्वस्त सुरुवात कॉलेजच्या एनसीसीत होते. रायफल आणि गोळ्या तिथे सरकारच्या असतात. अंजली भागवत यांची सुरुवात एनसीसीतूनच झाली आणि त्या २००० च्या सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीपर्यंत पोचल्या. मूल शाळेत असेल तर परभणीच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात शालेय नेमबाजीची चौकशी करा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकचं कांस्यपदक मिळवलं, ते खेड्यातल्या पोरांचंही हे अंगण आहे म्हणूनच. तुमच्या पोरीला त्यात उतरवायचं असेल, तर पहिला महिना तपासणीची एक वही करा: तारीख, छर्ऱ्याचं माप, लॉट आणि ग्रुपची रुंदी. दुकानदारानं नवी रायफल पुढे केली की आधी ती वही त्याच्यापुढे ठेवा.