भ्रमणध्वनी आणि उपस्थितांचा मान

‘शिष्टाचार’ या शब्दाकडे आपण बहुधा वरवरच्या रीतिभातीच्या अर्थाने पाहतो. नमस्कार कसा करावा, पंगतीत आधी कोणी बसावे, वडील माणूस दारात आले असता उठून उभे राहावे, एवढ्यावर तो संपतो अशी समजूत आहे. मूळ शब्द याहून खोल आहे. संस्कृतात ‘शास्’ म्हणजे शिकविणे, वळण लावणे. या धातूपासून ‘शिष्ट’ हा शब्द झाला. ‘शिष्य’ आणि ‘शासन’ हेही त्याच कुळातले. तेव्हा शिष्ट तो की ज्याला वळण लागलेले आहे, आणि त्याचे जे वागणे तो शिष्टाचार. वळण लावणारा कोणी असल्याशिवाय ते लागत नाही, हे त्या शब्दातच गृहीत आहे.

या वेळच्या पाठासाठी आम्ही जो विषय घेतला आहे त्यात नेमकी हीच अडचण आहे. भ्रमणध्वनी, ज्याला आपण सारे मोबाईलच म्हणतो, तो आपल्या देशात 31 जुलै 1995 रोजी पहिल्याने बोलला. पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीस केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी संभाषण केले. पुढे तो घरोघर आला, तेव्हा आजोबा, वडील आणि नातू या तिघांच्या हाती तो जवळजवळ एकदमच पडला. पानात मीठ कोठे वाढावे हे आजीने सांगितले; कीर्तनात मोबाईल वाजला तर काय करावे हे सांगणारी आजी कोणालाच लाभली नाही. म्हणून या बाबतीत नव्या पिढीस दोष देण्यापूर्वी आपण सारेच एका वर्गातले विद्यार्थी आहोत, हे ध्यानी ठेवलेले बरे.

शास्त्राधार शोधू गेल्यास तो दूर नाही. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात शरीर, वाणी आणि मन अशा त्रिविध तपाचे वर्णन आहे. त्यात वाणीच्या तपाचे पहिले लक्षण कोणते सांगितले? ऐकणाऱ्यास उद्वेग न देणारे वचन, हे. सत्य, प्रिय आणि हितकर ही विशेषणे त्यामागून येतात. आगगाडीच्या डब्यात आपल्या घरचा व्यवहार मोठ्याने बोलणारा गृहस्थ कदाचित अक्षरशः सत्यच बोलत असेल, पलीकडच्यास ते प्रियही असेल. परंतु डब्यातील इतर सत्तर जणांस त्याचा उद्वेग होतो, आणि तेथेच ते तप पहिल्या पायरीवर मोडते. दुसरी गोष्ट याहून सूक्ष्म आहे. मौन हे गीतेने वाणीच्या तपात घातलेले नाही. ते मनाच्या तपात मोजले आहे. प्रवचनास बसून, आवाज बंद केलेला मोबाईल मांडीवर ठेवून, त्यावरील निरोप बोटाने सरकवीत राहणारा मनुष्य गप्प असतो, पण त्याला मौन म्हणता येत नाही. वक्त्याला हे व्यासपीठावरून स्वच्छ दिसते, एवढे येथे सांगून ठेवतो.

या शिष्टाचाराचे मर्म काय, असा प्रश्न आम्ही आपसात चर्चिला तेव्हा एका मुद्द्यावर सर्वांचे मत जुळले. मोबाईल हा अनुपस्थित माणसाला उपस्थित माणसापेक्षा मोठा करतो. समोर पाहुणे बसले आहेत, चहाचा पेला त्यांच्या हातात आहे, बोलणे अर्ध्यावर आहे. आणि घंटा वाजताच यजमान उठून खिडकीपाशी जातात. पूर्वी दारावर कोणी आले तर आपण त्यास आत बोलावीत असू. तो येऊन बसे आणि आधीच्या मंडळीत मिसळे. मोबाईलवरील आगंतुक मिसळत नाही. तो यजमानालाच उचलून घेऊन जातो. अतिथीला देव मानणाऱ्या आपल्या घरात हे दिवसातून दहा वेळा घडते आणि त्याचे कोणास काही वाटत नाही. ‘क्षमा करा, हा फोन घेणे अवश्य आहे’ एवढे वाक्य उच्चारले तरी पाहुण्याचा मान राहतो. अडचणीचा प्रसंग सर्वांस असतो. रुग्ण घरी असलेल्यास फोन घेऊ नका असे कोण म्हणेल? पण दहांपैकी नऊ फोन तसे नसतात.

रंगभूमीवर हा प्रश्न उघडपणे पुढे आला. 2019 साली अभिनेते सुबोध भावे यांनी ‘अश्रूंची झाली फुले’ या नाटकाच्या प्रयोगांत वारंवार वाजणाऱ्या मोबाईलना कंटाळून, असेच चालणार असेल तर आपण नाटकात काम करणे थांबवू, असे जाहीरपणे सांगितले. सूचना देऊनही हे घडत होते. आपल्या इंदुरातील मराठी कुटुंबे सानंद न्यासाच्या नाट्यप्रयोगांना आवर्जून जातात. त्यांना या व्यथेचे स्पष्टीकरण नको. नटाने दोन तास जमविलेला भाव एका घंटेने विस्कटतो, आणि तिकिटाचे पैसे भरले म्हणून तो विस्कटण्याचा अधिकार कोणास मिळत नाही. रेल्वेनेही 2022 च्या आरंभी रात्री दहानंतर मोठ्याने बोलण्यास आणि कर्णयंत्राशिवाय गाणी लावण्यास मनाई केली. असा नियम लेखी करावा लागावा, यातच आपली परीक्षा झाली.

आता देवस्थानांकडे वळू. डिसेंबर 2022 मध्ये उज्जैनच्या श्रीमहाकालेश्वर मंदिरात मोबाईल नेण्यास बंदी झाली. त्याच महिन्यात मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुरै खंडपीठाने तिरुचेंदूरच्या सुब्रह्मण्यस्वामी मंदिरासंबंधीच्या प्रकरणात तमिळनाडूतील मंदिरांत मोबाईलला मज्जाव करण्याचा आदेश दिला. पुरीच्या श्रीजगन्नाथ मंदिरात भक्तांस पूर्वीपासून बंदी होतीच. 1 जानेवारी 2023 पासून ती सेवेकऱ्यांसही लागू झाली. या तिन्हींत आम्हांस पुरीचा निर्णय विशेष अर्थपूर्ण वाटतो. नियम करणारा व चालविणारा स्वतः त्या नियमाखाली आला की मग द्वारपालास आवाज चढवावा लागत नाही. दर्शन या शब्दाचा विचारही येथे करावा. दर्शन हे दोन्ही बाजूंनी असते, आपण देवास पाहतो आणि देव आपणांस पाहतो, अशी आपली श्रद्धा. मधे काचेचा तुकडा उंच धरला तर देवास भक्ताचे मुख दिसावे कसे? हे थोडे विनोदाने लिहिले. पण आरतीच्या वेळी मागे उभ्या असलेल्या वृद्ध बाईंना पुढच्यांच्या उंचावलेल्या हातांमुळे मूर्ती दिसत नाही, यात विनोद नाही.

शाळेचा प्रश्न मात्र अधिक नाजूक आहे, आणि त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे अगत्याचे आहे. ऑगस्ट 2024 मध्ये आपल्याच शहरातील एका शासकीय कन्याशाळेत वर्ग चालू असता मोबाईल वाजला. तो कोणाजवळ आहे हे शोधण्यासाठी शिक्षिकेने मुलींना स्वच्छतागृहात नेऊन कपडे उतरविण्यास भाग पाडले, असा आरोप पालकांनी केला. तक्रार पोलिसांत गेली, आणि पुढे जनहित याचिकेच्या द्वारे हे प्रकरण उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठापुढे आले. न्यायनिवाडा हे न्यायालयाचे काम. त्यात आम्ही शिरत नाही. पण या प्रसंगातून जो प्रश्न उभा राहतो तो प्रत्येक मातापित्याने आपल्या मनाशी विचारावयास हवा. मोबाईल शाळेत नेणे हा नियमभंग खरा. परंतु तेरा-चौदा वर्षांच्या मुलीची लज्जा आणि तिचा स्वाभिमान यांच्यापुढे त्या नियमभंगाचे वजन ते किती? शिस्त राखण्यासाठी मूल मोडले तर शिस्त कोणासाठी राहिली? चूक करणारे मूलही आपल्यापुढे उपस्थित असते, आणि उपस्थितांचा मान हेच तर या पाठाचे सूत्र आहे.

दुसऱ्या बाजूने पाहता, मुलाच्या दप्तरात मोबाईल येतो कोठून? तो बहुतेक वेळा आपणच दिलेला असतो. मूल रिक्षात नीट बसले की नाही, शिकवणीस पोहोचले की नाही, ही काळजी खोटी नव्हे. शहर वाढले, अंतरे वाढली. पण दुपारी एक वाजता, गणिताचा तास चालू असेल हे ठाऊक असताना, ‘डबा खाल्लास का?’ असे विचारणारी आईही त्या घंटेस तितकीच कारण असते. निरोप खरोखरच तातडीचा असेल तर शाळेच्या कार्यालयात दूरध्वनी असतो. युनेस्कोच्या 2023 च्या जागतिक शिक्षण अहवालात म्हटले आहे की एकदा लक्ष विचलित झाले की विद्यार्थ्यास पुन्हा अभ्यासात एकाग्र होण्यास वीस मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो. पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासात दोन घंटा वाजल्या की तो तास गेलाच म्हणावयाचा. गीतेच्या सहाव्या अध्यायात चंचल मन जेथे जेथे धावेल तेथून ते परत आणावे असे सांगितले आहे. तो उपदेश योग्यास होता. इयत्ता सातवीच्या मुलाकडून दर पाच मिनिटांनी तो पाळला जावा अशी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल.

फ्रान्सने 2018 साली कायदा करून पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांस शाळेत मोबाईल वापरण्यास बंदी केली. आपल्याकडे दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2025 अखेरीस एका केंद्रीय विद्यालयातील विद्यार्थ्याच्या प्रकरणात वेगळा मार्ग दाखविला. सरसकट बंदी इष्ट वा व्यवहार्य नाही. मात्र जेथे सोय असेल तेथे विद्यार्थ्यांनी मोबाईल शाळेत जमा करावा व घरी जाताना परत घ्यावा. वर्गात त्याचा वापर नसावा. शाळेच्या आवारात व वाहनांत छायाचित्रे घेऊ नयेत. धोरण पालकांच्या विचाराने ठरवावे. आणि मुलांना या साधनाच्या वापराचे शिक्षण द्यावे, असा त्याचा आशय. आम्हांस हा मार्ग अधिक पटतो. सकाळी जमा केलेली वस्तू दुपारी कोणाच्या अंगावर शोधावी लागत नाही.

महाराष्ट्रातील एका गावाने याच्याही पुढचे पाऊल टाकले. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे 15 ऑगस्ट 2022 पासून रोज सायंकाळी सात वाजता देवळावरील भोंगा वाजविण्याचा उपक्रम सुरू झाला. भोंगा झाला की घरातील मोबाईल आणि दूरचित्रवाणी बंद; मुलांनी अभ्यास करावा, मोठ्यांनी वाचावे किंवा एकमेकांशी बोलावे; साडेआठ वाजता दुसरा भोंगा. ठरावामागे गावच्या स्त्रियांचा पुढाकार होता. पहिल्या दिवसांत अंगणवाडी सेविका, आशा सेविका आणि निवृत्त शिक्षक घरोघर जाऊन समजावीत होते. मुलांना ‘अभ्यासाला बस’ म्हणताना मोठ्यांच्या हातचा मोबाईलही खाली ठेवला गेला, यात त्या उपक्रमाचे सारे बळ आहे.

हे खेड्यात जमले, शहरात कसे जमेल, असे कोणी विचारील. आपण इंदूरकरांनी तरी हे विचारू नये. 2017 पासून सलग सात वर्षे स्वच्छता सर्वेक्षणात हे शहर देशात पहिले आले, ते केवळ दंडाच्या भयाने नव्हे. ओला कचरा निराळा, सुका निराळा, ही सवय घराघरांत लागली. पुष्कळ घरी तर मुलांनीच ती वडिलांस लावली. रस्त्यावर कागद टाकताना आता हात आखडतो. तसाच तो सार्वजनिक जागी चित्रफितीचा आवाज मोठा करताना आखडावा, इतकेच मागणे आहे.

आपल्या मंदिरापुरती आमची सूचना अशी. चातुर्मासातील प्रवचनांच्या वेळी पादत्राणे ठेवण्याच्या जागेशेजारी क्रमांक घातलेल्या कापडी पिशव्या टांगाव्यात. महिला मंडळाने जुन्या साड्यांतून त्या शिवल्यास खर्च नाममात्र येईल. ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे त्यांनी, तसेच डॉक्टर मंडळींनी, मोबाईल जवळ ठेवावा, पण दाराच्या बाजूच्या सतरंजीवर बसावे, म्हणजे उठून जाता येईल. मौंज, बारसे अशा कार्यांत छायाचित्रे घेण्याचे काम यजमानांनी एकाच माणसाकडे सोपवावे आणि बाकीच्यांनी डोळ्यांनी पाहावे. सणावारी मुलांस पिशव्या वाटण्याचे व परत देण्याचे काम दिले तर ती ते मोठ्या तत्परतेने करतील. क्रमांक एकची पिशवी गुरुजींच्या मोबाईलसाठी आणि दोनची संस्थेच्या अध्यक्षांच्या मोबाईलसाठी राखून ठेवावी.