सातबारा कुणाच्या नावावर?

आमच्या घरी माळ्यावर एकशे चाळीस मग उपडे ठेवलेत. दुधट अंगावर हिरवी-तपकिरी नक्षी, हातात धरायला सुबक. प्रत्येकाच्या बुडाशी खोलगट भागात, झिलईच्या खाली, माझ्या वेबसाइटचा पत्ता आहे. बाराशे अंशांच्या आसपासच्या आचेत भाजून निघालेला असल्यामुळे तो घासून जात नाही, खरवडून जात नाही. मी दोन्ही करून पाहिलं. आणि तो पत्ता मोबाइलवर टाकला तर रमीचा आणि सट्ट्याचा बाजार उघडतो.

नवऱ्याची पिंपरीहून इथल्या ट्रकच्या कारखान्यात बदली झाली तेव्हा आम्ही चिनहटला आलो. लखनौच्या पूर्वेला, अयोध्येच्या रस्त्यावरचं हे गाव आता शहरात मुरून गेलंय. मराठी वाचकाला ते माहीत असलंच तर १८५७ मुळे. ३० जूनला इंग्रज अधिकारी हेन्री लॉरेन्स लखनौहून फौज घेऊन इथवर चालून आला. समोर किती माणसं आहेत याची त्याला मिळालेली खबर चुकीची निघाली. तो मार खाऊन रेसिडेन्सीत परतला आणि ४ जुलैला वारला. अर्धवट माहितीवर उडी घ्यायची इथे जुनी रीत आहे म्हणायची.

चिनहटची दुसरी ओळख भांड्यांची. १९५७ मध्ये राज्य सरकारच्या नियोजन-संशोधन संस्थेने इथे झिलईच्या मातीकामाचा प्रयोग सुरू केला आणि त्यातून कपबश्या, वाडगे, फुलदाण्या यांचा धंदा उभा राहिला. सहलीला आलेले लोक इथून टोपलीभर भांडी नेत. ते दिवस गेले. आज रस्त्याकडेच्या दुकानांत पुष्कळ माल बुलंदशहरकडच्या खुर्जाचा असतो. मी ज्या चाचांकडून माल घेते त्यांची भट्टी मात्र इथलीच. मी सुरुवातीला पुण्या-सांगलीच्या नातेवाइकांना चार-चार मग पाठवायची. त्यातून धंदा झाला, आणि धंदा झाल्यावर कुणीतरी म्हणालं, वेबसाइट हवी.

२०१८ च्या ऑक्टोबरात गोमतीनगरच्या एका लहानशा ऑफिसातला तरुण घरी आला. बोलणं एकदम अदबीचं. “भाभीजी, आप टेन्शन मत लीजिए, सब हम पर छोड़ दीजिए.” तीन वर्षांचं सगळं मिळून अठ्ठावीस हजार. मी सगळं त्याच्यावर सोडलं. हे वाक्य लिहितानाही मला लाज वाटते, कारण मी सांगली जिल्ह्यातली. आमच्याकडे दोन गुंठे घ्यायचे असले तरी माणूस आधी तलाठ्याकडे जातो, सातबारा काढतो, फेरफार बघतो, बोजा चढलाय का ते विचारतो. मी डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, घेतलं आणि ते कुणाच्या नावावर चढलं हे एकदाही विचारलं नाही. ते चढलं होतं त्याच्या नावावर. त्याच्या ईमेलवर, त्याच्या खात्यात, त्याच्या फोनवर येणाऱ्या ओटीपीसह.

पहिला फटका बसला तो फोटोंचा. त्याने साइट भरली ती इंटरनेटवरून उचललेल्या चित्रांनी, आणि ती चित्रं होती जयपूरच्या निळ्या भांड्यांची. नाशिकच्या एका बाईंनी सहा मग मागवले आणि पेटी उघडल्यावर फोन केला, “ताई, निळे कुठायत?” चिनहटचा निळ्याशी संबंध काय? पैसे परत केले, कुरिअरचा दोन्हीकडचा खर्च अंगावर घेतला. मग नवऱ्याने खिडकीजवळ पांढरी चादर टांगून स्वतः फोटो काढले. एक फोटो मग हातात धरून, म्हणजे आकार कळतो. खाली लिहिलं: किती मिली मावतं, वजन किती, मायक्रोवेव्हमध्ये चालतो का. गिऱ्हाईक फोनवर विचारतं ते सगळं आधीच लिहून टाकलं की निम्मे फोन वाचतात आणि माल परत येणं जवळजवळ थांबतं. या कामाला त्या तरुणाची गरजच नव्हती.

दुसरा फटका जाहिरातीचा. “गूगलवर पहिल्या नंबरला आणतो, गॅरंटी,” असं तो म्हणाला. अशी गॅरंटी कुणीही देऊ शकत नाही आणि हे खुद्द गूगलच सांगतं. मला तेव्हा ठाऊक नव्हतं. त्याने पैसे देऊन दाखवायच्या जाहिराती लावल्या आणि शब्द निवडला नुसता ‘मग’. अकरा दिवसांत नऊ हजार उडाले, ऑर्डर एक. पुढे भाच्याने खातं उघडून बघितलं आणि हसत सुटला. लोकांनी काय शोधल्यावर आपली जाहिरात दिसली याची यादी तिथे असते. त्यात सगळ्यात वर होतं: बाथरूमचा मग, प्लॅस्टिकचा मग, बादली आणि मग. अंघोळीच्या मगासाठी आलेल्या प्रत्येक बोटाचे पैसे मी भरले होते.

म्हणून जाहिरात लावणार असाल तर ती यादी पहिल्या आठवड्यातच मागा. ‘प्लॅस्टिक’, ‘बाथरूम’ असे नकोसे शब्द वगळायची सोय असते, ती वापरा. ठिकाणाचं सेटिंगही तपासा. मुळात ते असं असतं की तुम्ही निवडलेल्या शहरात राहणाऱ्यांनाच नव्हे, तर त्या शहरात नुसता रस दाखवणाऱ्यांनाही जाहिरात दिसते. लखनौचा दुकानदार मग दुबईत बसलेल्या माणसाच्या क्लिकचे पैसे भरतो. आणि खातं स्वतःच्या ईमेलवर उघडून दुसऱ्याला फक्त काम करण्यापुरता प्रवेश द्या. उलटं नको.

आता मुख्य गोष्ट.

डोमेन तीन वर्षांसाठी घेतलेलं. २०२१ च्या ऑक्टोबरात मुदत संपली. आठवणीचे ईमेल आले असणार, पण ते त्याला. माझ्या बहुतेक ऑर्डरी व्हॉट्सॲपवर येत, त्यामुळे मी माझी साइट महिनोन् महिने उघडतच नसे. नोव्हेंबरात बहीण म्हणाली, काहीतरी भलतंच पान दिसतंय. मी फोन केला. “सर्व्हर का काम चल रहा है, भाभीजी.” डिसेंबरात त्याने फोन उचलणं सोडलं. ऑफिसच्या जागी मोबाइलची कव्हरं विकणारं दुकान आलं होतं.

मी तेव्हा गाफील राहिले, कारण संक्रांतीची गडबड होती. पुण्यातून आणि इथल्या ओळखीच्या मराठी घरांतून हळदीकुंकवाच्या वाणासाठी छोट्या मगांची मागणी आली होती. तीनशे नग. चाचांना म्हटलं, या वेळी बुडावर आपला पत्ता उठवू, घरोघर जाईल. चाचांनी एकदा विचारलं होतं, “पक्का पता है ना? मिट्टी पे लिखा मिटता नहीं.” मी म्हटलं, पक्का.

एकशे साठ मग गेले. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात कोथरूडहून फोन आला. आवाज दबलेला. “वहिनी, रागावू नका, पण तुमच्या वाणावर जुगाराचा पत्ता आहे. सासूबाईंनी उघडून बघितला.”

झालं होतं ते असं. डॉट कॉमचं नाव मुदत संपताक्षणी मरत नाही. ज्या कंपनीकडे ते नोंदलेलं असतं ती साधारणपणे काही दिवस, जास्तीत जास्त ४५, नेहमीच्या पैशांत नूतनीकरण करू देते. त्यानंतर ३० दिवस असे असतात की दंड भरला तर नाव परत मिळतं. मग शेवटचे ५ दिवस, त्यात कुणालाच काही करता येत नाही. त्यानंतर ते बाजारात मोकळं सुटतं आणि टपून बसलेले लोक क्षणात उचलतात. जुन्या नावाकडे गिऱ्हाइकांची वाट पडलेली असते, तीच त्यांना हवी असते. म्हणजे मला जवळजवळ ऐंशी दिवस होते. पण त्या प्रत्येक दिवशी नाव सोडवण्याचा अधिकार खातेदाराला, आणि खातेदार मी नव्हते. कंपनीला लिहिलं तर त्यांनी सभ्यपणे तेच कळवलं. त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या माणसाला तलाठी तरी काय देणार?

फेसबुकच्या पानाची तीच कथा. ते त्याच्या खात्यातून काढलेलं, व्यवस्थापक तो एकटा. चौदाशे माणसं त्या पानावर अजून आहेत आणि मी त्यांना नमस्कारसुद्धा घालू शकत नाही.

तर नव्याने करणाऱ्यांनी ऐका. डोमेन स्वतः घ्या. वर्षाला साधारण हजार-दीड हजाराचं काम आहे आणि मोबाइलवरून रेल्वेचं तिकीट काढता येणाऱ्या कुणालाही जमतं. बनवून देणाऱ्याला बनवायचे पैसे द्या, जागा त्याच्या नावावर घेऊ देऊ नका. आधीच दुसऱ्याकडून घेतलं असेल तर नोंद तपासा, पण त्यात एक मेख आहे: २०१८ पासून खाजगीपणाच्या नियमांमुळे सार्वजनिक नोंदीत मालकाचं नाव बहुधा झाकलेलं असतं. म्हणून कागदावर विसंबू नका, खात्याचं लॉगिनच मागा. आत जाऊन ईमेल आणि फोन आपला आहे ना, ते डोळ्यांनी बघा. नाव दुसऱ्या कंपनीकडे हलवायचं तर एक सांकेतिक क्रमांक लागतो, तो नोंदलेल्या मालकाने मागितल्यावर पाच दिवसांत द्यावा असा नियम आहे. नव्याने नोंदलेलं नाव मात्र ६० दिवस हलवता येत नाही. हे सगळं संबंध गोड असताना करून घ्या. आणि ईमेल दुकानाचा वेगळा ठेवा, पासवर्ड घरातल्या दोघांना माहीत असू द्या. आमच्या गल्लीतल्या एका शिंप्याचं सगळं खातं मुलाच्या कॉलेजच्या ईमेलवर होतं, मुलगा नोकरीला बंगळुरूला गेला आणि कॉलेजने ईमेल बंद केला.

“मग वेबसाइट नकोच, फुकटच्या पानावर भागवू,” असंही म्हणणारे भेटतात. अर्धं बरोबर आहे. गूगलच्या नकाशावर दुकानाची नोंद फुकट असते आणि माझ्या अनुभवात लहान धंद्याला सगळ्यात जास्त गिऱ्हाईक तिथूनच मिळतं. त्यासाठी कुणी पैसे मागत असेल तर फोन ठेवून द्या. नकाशावरची खूण मात्र स्वतः जाऊन तपासा, माझी पहिली खूण देवा रोडवर भलत्याच गोदामाच्या दारात लागली होती. पण फुकटची जागा म्हणजे दुसऱ्याचा ओटा. त्याच नोंदीतून गूगल एक छोटी वेबसाइट फुकट बनवून द्यायचं. शेजारच्या मिठाईवाल्याने तीच छापली होती, खोक्यांवर, पिशव्यांवर. मार्च २०२४ मध्ये गूगलने त्या सगळ्या साइटी बंद केल्या. १० जूनपर्यंत जुना पत्ता नकाशाच्या नोंदीकडे वळत होता, नंतर तोही मेला. टिकटॉकवर दुकान थाटलेल्यांचं २०२० च्या जूनअखेर एका रात्रीत काय झालं ते आठवा. ओट्यावर बसा, जरूर बसा, पण छापायचा पत्ता आपल्या मालकीचा असू द्या.

आणखी एक, थोडक्यात, कारण त्यात पाच हजारच गेले. छावणीतून बोलतोय, युनिटसाठी दोनशे मग हवेत, असा एकाचा फोन आला. आगाऊ पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करा म्हणाला. केला, पिन टाकला, पैसे गेले. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. हे एका कागदावर लिहून गल्ल्याला चिकटवा. फसलातच तर त्याच घटकेला १९३० ला फोन करा. मी लाजेपोटी दोन दिवस गप्प बसले, तोवर रक्कम पुढे गेली होती.

त्या तरुणावर तक्रार का केली नाही, असं लोक विचारतात. स्वतःच्या पोटासाठी स्वतः धंदा करणाऱ्याला २०१९ च्या कायद्याने ग्राहक म्हणून दाद मागता येते. पण माझ्याकडे करार नव्हता, पावती ‘वेबसाइट काम’ एवढीच, आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं फोन बदलताना गेलं. दोन ओळींचा कागद असता तरी पुरला असता: डोमेन, फोटो, मजकूर आणि सगळी खाती ग्राहकाच्या मालकीची, मागताक्षणी ताब्यात द्यायची.

आता माझं नाव माझ्या नावावर आहे. मुदतीची तारीख कालनिर्णयवर लाल पेनाने लिहिते, एक महिना आधी एकदा आणि त्या दिवशी एकदा. नव्या मगांच्या बुडावर चाचा फक्त ‘चिनहट’ उठवतात, पत्ता खोक्यावर असतो.

तुमची वेबसाइट दुसऱ्याने करून दिलेली असेल, तर आज संध्याकाळी त्याला फोन करून एवढंच विचारा: डोमेन कुणाच्या ईमेलवर आहे? आणि उत्तर यायला किती वेळ लागतो तेही बघा.