बर्फाने रचलेल्या टेकड्यांतून

प्रश्न : आम्ही दोघेही साठीच्या घरात. हरिश्चंद्रगड दोनदा केला आहे. ऑक्टोबरमध्ये लेकीकडे मिलवॉकीला जातोय. तिथला ‘आइस एज ट्रेल’ झेपेल का? (वाचक, पुणे)

उत्तर : जरूर जा! संपूर्ण वाट सुमारे 1,900 किलोमीटरची. तुम्ही उत्तर केटल मोरेन जंगलातला एखादा टप्पा निवडा. चढ छोटे, पण थांबतच नाहीत. आपल्याकडे पाय कातळावर पडतो. इथे हिमनद्यांनी आणून टाकलेली वाळू, गोटे आणि माती. ओक-मेपलच्या गळलेल्या पानांखाली गोटा सरकतो, म्हणून उतरताना काठी हवीच.

वाटेत झाडीने भरलेले वाडग्यासारखे खोल खड्डे दिसतील. ते ‘केटल’. मागे हटणाऱ्या हिमनदीचे प्रचंड तुकडे गाळात गाडले गेले, सावकाश वितळले आणि वरची जमीन खचली. काहींत आज तळी आहेत. एखाद्या खड्ड्याच्या काठावर पाच मिनिटे नुसते उभे राहा. त्या बर्फाचा आकारच तुमच्या समोर असतो. याच जंगलातली डंडीची शंकूसारखी टेकडी या खड्ड्यांच्या उलट : बर्फातल्या भोकांतून पाण्याने खाली ओतलेल्या वाळू-गोट्यांची रास.

वाट दाखवणाऱ्या झाडांवरच्या पिवळ्या पट्ट्यांची साथ सोडू नका. खरी काळजी गोचिडीची. तिळाएवढी असते, तिच्यातून लाइम रोग होतो. पँट मोज्यांत खोचा आणि घरी परतल्यावर गुडघ्यांच्या मागे, काखेत, केसांत एकमेकांना नीट तपासा. चिकटलेली दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा.