पांढरीखालचं गाव

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथल्या पांढरीच्या टेकाडावर डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ पर्यंत उत्खनन केले. खाली निघाले तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे गाव! कुडाची घरे, चुली, धान्याची पेवं, लाल मडक्यांवर काळी नक्षी. हे लोक जव पिकवीत.

लहान मूल दगावले की दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात ठेवीत अन् घरातच जमिनीखाली पुरीत. आईला लांब नेववत नसेल, असे आपले मला वाटते.

हा इतिहास राजांचा नव्हे, साध्या शेतकऱ्यांचा; कळला तो फुटक्या खापरांवरून. आपल्या पांढरीत नक्षीचे खापर दिसले तर भिरकावू नका. तिथेच राहू द्या, गुरुजींना बोलावून दाखवा.